साहेबांपुढं चमचा उचलायचा नाय

माझ्या पोरीचा कसूर एवढाच, की तिनं डॉक्टरपुढं चमचा उचलला.

पोरगी म्हणजे संस्कृती. नऊ वर्षांची. जन्मली तवा रडली नाय, डोक्याला हवा कमी पडली, तवापासून दोन्ही पाय अन् हात ताठ. बोलती, पण शब्द निघायला येळ लागतो. पाच वर्षं मी तिचा उजवा हात चोळला. एकेक बोट उकलायचं, तेल लावायचं, चमच्याच्या दांडीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून मुठीत द्यायचा. तिनं पाडायचा, मी उचलायचा. ह्या उन्हाळ्यात पोरीनं पहिल्यांदा वरणभाताचा घास स्वतः तोंडात घातला. अर्धा सांडला, अर्धा गेला. मी अख्ख्या गल्लीला सांगत सुटले.

तेवढ्यात तिच्या अपंगाच्या दाखल्याची मुदत संपली. दाखल्यावर चाळीसच्या वर टक्के असले तरच तिची ती खास शाळा, शाळेची गाडी, तिथला व्यायाम. चाळीसच्या खाली आलं की पोरगी धडधाकट. अन् शाळा सुटली तर माझं चितेगावच्या कंपनीतलं पॅकिंगचं काम सुटणार. तिला दिवसभर बघायला दुसरं कोण हाय? नवरा ड्युटीवर, सासूबाई स्वतःच काठीवर.

गेलो शहरात, सरकारी दवाखान्यात. तपासणी वरच्या मजल्यावर अन् लिफ्टला कुलूप. आता बोला! ज्यांना चालता येत नाय त्यांची तपासणी वर ठेवणारं डोकं कुणाचं असंल, त्याचा एकदा सत्कार केला पायजे. पोरीला कडेवर घेऊन चढले. चार तास लाईनीत. तिला मी इस्त्रीचा फ्रॉक घातला होता, पावडर लावली होती, दोन वेण्या घातल्या होत्या. मोठ्या माणसापुढं लेकरू न्यायचं तर नीटनेटकंच नेतो की आपण.

डॉक्टरनं मान वर न करता विचारलं, "काय काय येतं हिला?"

मला सांगा, नऊ वर्षांत हे मला कुणी विचारलं होतं? जो तो विचारायचा, काय काय येत नाय. मी अशी फुगले! पिशवीतून डबा काढला, चमचा तिच्या हातात दिला. पोरीनं जीभ दाताखाली धरली अन् घास उचलला. डॉक्टर म्हणला, "शाब्बास!" पाय बघितले नाय, उभं करून बघितलं नाय. तीन मिनिटांत आम्ही बाहेर.

दाखल्याचं कार्ड आलं. पस्तीस टक्के.

शाळेचे बन्सी सर भला माणूस. कार्ड बघून त्यांनी डोक्याला हात लावला. "विशाखाताई, चाळीसच्या खालचं लेकरू पटावर ठेवलं तर आमच्यावर येतं. फेरतपासणीचा अर्ज करा. दोन महिने मी नाव काढत नाय, पुढं माझा इलाज नाय." गावातल्या साध्या शाळेत गेले, तर तिथले हेडमास्तर म्हणले, "घ्यायला आमची ना नाय, पण हिला संडासला कोण नेणार?" म्हणजे हिकडं पोरगी लई चांगली, तिकडं लई वाईट. अरे, मग ठेवू कुठं तिला, तुमच्या टेबलाच्या खणात?

अर्ज द्यायला गेले तवा लाईनीत सोनिया भेटली, पिशोरची. तिचा पोरगा माऊलीपण असाच. माझं ऐकून तिनं कपाळ बडवलं. "येडी का काय तू? इथं लेकराला येतं ते दाखवायचं नसतं, बाई. विचारलं की सगळ्याला नाय म्हणायचं. मी तर आमच्या माऊलीचं तोंडसुदिक धूत नाय इथं येताना."

मला तिचा राग आला. मग लाईनीवर नजर टाकली. कितीतरी आयांनी लेकरं तशीच आणली होती, मळक्या कपड्यांत, केस पिंजारलेले. त्यांच्यावर तरी काहून रागवू?

घरी पोरीला शिकवलं. "साहेबांपुढं चमचा उचलायचा नाय. विचारलं तर म्हणायचं, मला येत नाय." ती लई येळानं म्हणली, "चुकलं... माझं?" मी म्हणलं, नाय गं बाई, तुझं नाय. पण कुणाचं चुकलं ते तिला काय सांगू? रोज सराव घेतला. चमचा पुढं ठेवायचा, तिचा हात आला की "अंहं!" करायचं. पाच वर्षं ज्या हाताला पुढं बोलवलं, त्यालाच मागं हाकलत होते.

फेरतपासणीला दुसरा डॉक्टर होता. त्यानं टेबलावर चमचा ठेवला अन् म्हणला, "बेटा, उचल बरं." पोरगी गोड बोलण्याला भुलती. तिचा हात निघाला. मी त्या हातावर फाडकन मारलं. डॉक्टर चपापला. मी म्हणलं, "साहेब, तिला येत नाय, उगं सांडासांड करती." पोरगी रडली नाय. हात मांडीखाली दाबून म्हणली, "मला... येत नाय."

त्यानं तिथंच सत्तर टक्के लिहिले. शाळा वाचली, माझं काम वाचलं.

जिना उतरताना वाटलं, परत वर जावं अन् त्यांच्या टेबलावरचे सगळे कागद भिरकावून द्यावे. लेकरू जरा सुधारलं की मदत काढून घेता, लाज कशी वाटत नाय तुम्हाला? पण सहीचा कागद हातात होता, पोरगी कडेवर होती, मी गपचूप उतरले. त्या गपचूप उतरण्याचा मला अजून संताप येतो.

आज अकरावा दिवस. पोरगी चमच्याला हात लावत नाय. ताट पुढं ठेवलं की दोन्ही हात मांडीखाली घालती. मी तिच्या पाया पडले. म्हणलं, संस्कृती, आता उचल गं, इथं कुणी साहेब नाय. ती म्हणती, "मला येत नाय." मग मीच भरवते. बाहेर शाळेच्या गाडीचा हॉर्न वाजतो, मी शेवटचा घास तिच्या तोंडात कोंबते अन् कामाला निघते.