साबणाची वडी

मदिनाबीच्या मोरीत कपड्याचा साबण कधी पुरला नाही. निम्मी वडी कपड्यांना, निम्मी नवऱ्याच्या पिकअपला. मंद्रूपहून सोलापूरच्या मंडईत भाजीवाल्या बायका नेणारी कासीमची ती गाडी सतरा वर्षांची, पेट्रोलवरची. टाकीच्या तळाला चीर होती. ओला साबण अंगठ्यानं चिरीत दाबला की गळती दोन-तीन दिवस थांबायची. आसपासचे जुने गाडीवाले हेच करत, आणि वर ही अक्कल एकमेकांना फुकट वाटत.

त्या अमावास्येच्या सकाळी अंगणात पेट्रोलचा वास सुटला होता.

"झीनतचे अब्बा, टाकी बदला की आता. बायामाणसं बसत्यात गाडीत," मदिनाबी नवऱ्याला म्हणाली.

"बदलू की पुढच्या महिन्यात. आण तो साबण हिकडं."

तिनं वडी आणून दिली. तिचा गुन्हा म्हणाल तर एवढाच.

"अक्का, उठलीस का गं?" रोजच्यासारखी हाक देत नीलम्मा आली, डोक्यावर मेथीचं गाठोडं. अमावास्येला गाडीची दृष्ट काढायचं काम तिनं आपणहून घेतलेलं. गाडी कासीमची, लिंबू-कापूर हिचा. कुणालाच त्यात वावगं वाटत नसे. ती मागच्या चाकाशी बसली. साबण तोवर सुटला होता, खालची माती भिजली होती. कापूर पेटला तशी आग चाकाखालून धावली आणि तिच्या लुगड्याला भिडली. कासीमनं पोती टाकून तिच्या अंगावरची आग विझवली, गाडी मात्र जळून गेली. तिसऱ्या दिवशी नीलम्मा दवाखान्यात वारली.

"अमावास्येनं नेली," गाव म्हणालं. अमावास्येवर ढकललं की कुणाला जबाब द्यावा लागत नाही.

मदिनाबीला मात्र रोज पहाटे दारात तीच हाक ऐकू येई. उठून पाही, तर कुणी नसे. हाताला साबण लागला की पेट्रोलचा वास येई. कासीमच्या अंगठ्याचा खळगा पडलेली ती वडी कोनाड्यात तशीच होती. तिला ती टाकवेना आणि वापरवेना.

चार महिन्यांनी कासीमनं तसलीच दुसरी जुनी गाडी आणली. पंधरा दिवसही झाले नाहीत, तोच तो मोरीच्या दारात उभा.

"साबण कुटं हाय?"

मदिनाबीनं कोनाड्यातली वडी उचलली आणि त्याला न देता थेट बाहेर गेली. गाडीत पाच बायका बसल्या होत्या. त्यांत नीलम्माची लेक दाक्षायणी, मांडीवर आईचंच गाठोडं.

"उतरा खाली," मदिनाबी म्हणाली. "टाकी गळतीया. ह्या वडीवर तुमचा जीव टांगलाय. नीलम्माला अमावास्येनं न्हाय नेलं. ह्या साबणानं नेलं, आन् तो मी दिलता."

"मंडई चुकंल की त्यांची!" कासीम ओरडला.

"चुकू द्या. टाकी बदलल्याबिगर गाडी हलायची न्हाय."

दाक्षायणी आधी उतरली. वाकून तिनं टाकीखाली बोट लावलं, वास घेतला. तिच्यामागून बाकीच्या उतरल्या. मग ती मदिनाबीसमोर येऊन उभी राहिली.

"मावशी, हे तवाच का न्हाय बोललीस?"

 मदिनाबीला रडू आवरेना, पण गाडीपुढून ती हलली नाही.