हद्दीवरच्या कुंड्या

"खालून जा ना मिस्त्री. एवढा मोठा रस्ता आहे की," कापडवाला गल्ल्यावरून न उठता म्हणाला.

बाबा वॉकर धरून त्याच्या दुकानासमोर उभे होते. पुढ्यात सिमेंटची कुंडी होती, कमरेइतकी उंच, तपकिरी रंग दिलेली, आणि तिच्यात टोकदार पात्यांचं कसलंसं झाड. कुंडी आणि दुकानाची काच यांच्यात फट होती, पण ती धडधाकट माणसानं अंग चोरून जाण्यापुरती. वॉकर तिथून जात नव्हता. दुसऱ्या बाजूला उंच पायरी, पायरीखाली रस्ता, आणि रस्त्यावर टेम्पो, मोटारसायकली, मालाच्या हातगाड्या. झटका येऊन गेल्यापासून बाबांचा उजवा पाय त्यांचं ऐकत नाही. त्या पायानं ती पायरी उतरायची म्हणजे आधी पडायचं आणि मग उतरलो म्हणायचं.

मी हातातलं कुलूप तसंच टाकलं आणि धावत गेले.

"काल ही कुंडी इथं नव्हती," मी म्हणाले.

"आज आणली. छान दिसते ना? तुझीच तर कल्पना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण कल्पना खरंच माझी होती.

आमचं दुकान शटरचं आणि कुलपांचं. दुकानामागच्या दोन खोल्यांत आम्ही बापलेक राहतो. या रस्त्यावरचं जवळजवळ प्रत्येक शटर बाबांनी बसवलंय, नाहीतर कधी ना कधी दुरुस्त केलंय. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणतात. माझी आईसुद्धा भांडताना मिस्त्रीच म्हणायची. भावाला ग्रीसनं काळे झालेले हात नको होते, तो परगावी कचेरीत चिकटला. मला त्या हातांचं काही वाटलं नाही, म्हणून अवजारं माझ्याकडे आली. मग बाबांना झटका आला. डॉक्टर म्हणाले, "रोज चालले तर चालत राहतील. बसले की बसलेच समजा."

तेव्हापासून बाबा रोज संध्याकाळी चालायचे. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला चष्मेवाल्याचं दुकान आहे. तो त्यांचा जुना दोस्त. तिथं जाऊन पेपरातल्या बातम्यांवरून तासभर त्याच्याशी तावातावानं भांडायचं आणि परत यायचं. आल्यावर चेहरा असा असायचा की झटका दुसऱ्याच कुणाला आला असावा.

पण या रस्त्याला चालायला जागाच नाही. प्रत्येक दुकानापुढं ज्याची त्याची मालकीची, ओट्यासारखी पट्टी. एकाची वर, एकाची खाली. कुणी गाद्यांच्या गुंडाळ्या मांडलेल्या, कुणी बिनडोक्याचे पुतळे उभे केलेले. चालणारा माणूस रस्त्यावर, आणि रस्त्यावर गाड्या. बाबांबरोबर मी जायचे आणि रोज जीव मुठीत धरून परत यायचे.

म्हणून मी दुकानदारांच्या सभेत उभी राहिले. म्हटलं, सगळ्यांच्या पट्ट्या एका पातळीत आणू. माल आत घेऊ. रस्त्याच्या कडेनं झाडं लावू, म्हणजे गाड्या पलीकडे, झाडं मध्ये आणि माणसं सावलीतून अलीकडे. चालणारा माणूस थांबतो, थांबलेला आत येतो. गाडीवरून भुर्रकन जाणारा काय हवेतून शर्ट घेणार आहे?

हे शेवटचं वाक्य सगळ्यांना पटलं. आधीचं कुणी ऐकलंही नसावं.

आर्किटेक्चर शिकणाऱ्या एका मुलीनं आराखडा काढून दिला. सुंदर आराखडा. कडेला झाडं, आत मोकळी वाट, वाटेवर एक बाई लहान मुलाला घेऊन निघालेली. अध्यक्ष सराफांनी तो फ्रेम करून आपल्या दुकानात लावला. ती बाई अजून तिथंच चालते आहे.

पट्ट्या एका पातळीत आल्या, गुळगुळीत फरशी बसली, आणि तिथंच माशी शिंकली. आधी पायऱ्या होत्या तेव्हा कुणाचं कुठं संपतं ते दिसायचं. आता सगळं सलग. या लोकांना आयुष्यात भीती एकच, शेजारी आपल्या हद्दीत सरकेल. कापडवाल्याला रात्री झोप लागेना. त्यानं कडेला लावायची कुंडी उचलून बरोबर आपल्या आणि बूटवाल्याच्या मध्ये, हद्दीवर आणून ठेवली. बूटवाला काय मूग गिळून बसणार? त्यानं आपली पलीकडच्या हद्दीवर ठेवली. शिवाय कडेला झाडं असली की पाट्या झाकतात आणि गिऱ्हाइकाला गाडी लावता येत नाही, हा साक्षात्कार सगळ्यांना एकदमच झाला. आठवड्यात साऱ्या रस्त्यावर हिरवळच हिरवळ झाली आणि एका दुकानापुढून दुसऱ्या दुकानापुढं जायची सोय राहिली नाही. शाळेतून येणारी पोरं, पिशव्यांनी वाकलेल्या बाया, सगळे पुन्हा खाली, गाड्यांच्या तोंडी. पूर्वी निदान गाद्या ओलांडता यायच्या.

मी एकेकाकडे गेले. बूटवाला म्हणाला, "आत्ता हलवतो. आधी कापडवाल्याला हलवू दे." कापडवाला म्हणाला, "माझ्या जागेत माझी कुंडी. कायद्यानं बोल." गादीवाल्यानं चहा पाजला आणि हात वर केले. शेवटी मी सराफांकडे गेले.

"ताई, केवढं देखणं झालंय सगळं," ते म्हणाले. "बाहेरचे लोक फोटो काढून नेतात. आता एका माणसासाठी हे सगळं मोडायचं का?"

"एका माणसासाठी? जरा बाहेर बघा. रस्त्यावरून चालतायत ती काय जनावरं आहेत?"

"तुम्ही चिडता फार," सराफ म्हणाले.

हो, चिडते. रस्त्याच्या कडेला आता गाड्या लागायच्या, चालायचं तर ऐन रहदारीतून, म्हणून मी बाबांना खाली उतरूच देत नव्हते. माझा बाप दुकानाच्या गल्ल्यापासून मागच्या चुलीपर्यंत आणि चुलीपासून गल्ल्यापर्यंत फेऱ्या मारत होता. दर फेरीला वॉकर दाराच्या चौकटीला आपटायचा. चष्मेवाला एकदोनदा येऊन गेला, पण त्याचं एकट्याचं दुकान, त्याला किती वेळ टाकता येणार? बाबा पेपर वाचायचे आणि भांडायला कुणी नाही म्हणून घडी घालून ठेवायचे. फेऱ्या रोज थोड्या कमी होत होत्या. मला ते दिसत होतं आणि कुंड्यांना पाणी घालणारी माणसंही दिसत होती.

एका सकाळी कापडवाल्याचं शटर अडलं. अर्ध्यावर येऊन तिरकं झालं, वर जाईना की खाली येईना. त्या दिवशी त्याचा सेल होता. बाहेर गिऱ्हाइकं खोळंबलेली, हा घामाघूम. आमच्याकडे धावत आला.

"ताई, चल बाई लवकर."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी स्टुलावर बसूनच राहिले.

"आधी कुंडी हलवा," मी म्हणाले.

"अगं, ही काय वेळ आहे का?"

"हीच वेळ आहे."

आतून बाबांचा आवाज आला. झटक्यापासून त्यांची जीभ जड झालीय, एकेक शब्द सुटा करून बोलतात. "अवजारं उचल."

"बाबा, या माणसानं तुम्हाला..."

"शटर अडलंय ना? शटरनं तुझं काय वाईट केलंय?"

मी गेले. दुसरं काय करणार? स्प्रिंग सरकली होती आणि एका बाजूच्या पट्ट्या चॅनलमधून निसटल्या होत्या. शिडीवर चढून मी ती स्प्रिंग अशी आवळली, जसं काही ते कापडवाल्याचं मानगूट होतं. शटर वर गेलं. त्यानं थंड सरबताची बाटली पुढं केली. मी ती न उघडता त्याच्या कुंडीत, त्या टोकदार पात्यांत उभी करून आले.

घरी येऊन बाबांवर मात्र मी तोंड सोडलं. "तो पुरता हातात आला होता. तुमच्यामुळे सुटला."

"अडलेल्याला आपण अडवायचं नाही," बाबा म्हणाले. "ते काम त्यांना करू दे."

मला त्यांचाही राग आला. चांगुलपणाचा मक्ता काय आम्हीच घेतलाय?

त्यानंतर थोड्या दिवसांनी सराफ स्वतः आले. रस्त्याच्या नव्या रूपाचं उद्घाटन ठेवलं होतं. मोठे पाहुणे, फोटोवाले, माइक, सगळा थाट चष्मेवाल्याच्या दुकानापाशी. "रिबीन मिस्त्रींनी कापायची," सराफ म्हणाले. "रस्त्यावरचं सगळ्यात जुनं माणूस. आमची सगळ्यांची इच्छा आहे."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "येतो."

"गाडी पाठवतो."

"चालत येतो."

त्या दिवशी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. बटणं मी लावली. ते बाहेर पडले आणि खाली रस्त्यावर न उतरता दुकानांच्या पुढून निघाले. कापडवाल्याच्या कुंडीपर्यंत गेले आणि थांबले. मी म्हटलं, "बाबा, खालून जाऊ, मी धरते." त्यांनी मानेनं नको म्हटलं. मला वाटलं, दम लागला असेल.

दम लागला नव्हता. ते नुसते उभे होते.

पलीकडच्या टोकाला माइकवर घोषणा झाली की मिस्त्री येत आहेत. थोड्या वेळानं पुन्हा झाली. लोक माना वळवून आमच्याकडे बघू लागले. सराफ लगबगीनं आले, बरोबर दोन माणसं आणि प्लास्टिकची खुर्ची.

"बसा मिस्त्री, अलगद उचलून नेतो तुम्हाला."

"मला उचलू नका," बाबा म्हणाले. "कुंडी उचला."

सराफ हसले. बाबा हसले नाहीत.

"अहो, पाहुणे थांबलेत."

"मीपण थांबलोय."

तेवढ्यात पाहुणे काय झालंय ते पाहायला स्वतःच निघाले आणि त्यांच्यामागून फोटोवाला. सराफांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. त्यांनी कापडवाल्याकडे असं पाहिलं की तो मुकाट गल्ल्यावरून उठला. त्यानं आणि त्या दोघा माणसांनी मिळून कुंडी उचलून कडेला ठेवली, आराखड्यात होती तिथं. बाबा चार पावलं गेले आणि बूटवाल्याच्या कुंडीपाशी थांबले. ती उचलली. मग गादीवाल्याची. प्रत्येकजण आपापल्या दारात तयारच उभा होता आता, पाहुण्यांकडे बघून हसत. बाबा कुणाकडे बघत नव्हते. डावा पाय, वॉकर, उजवा पाय ओढत. मी मागं वळून पाहिलं तर खालच्या रस्त्यावरून माणसं वर चढून आमच्यामागून चालत येत होती. पिशव्या घेतलेल्या बाया, दप्तरं लावलेली पोरं, एक आई मुलाची गाडी ढकलत. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. वाट मोकळी दिसली, ती चालू लागली.

मला रडू आलं, आणि रागानं नव्हे असं कितीतरी दिवसांनी.

रिबीन मी ताणून धरली आणि बाबांनी डाव्या हातानं कापली. टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी सराफांचं कौतुक केलं. चष्मेवाल्यानं स्टूल बाहेर काढलं आणि दोघं अंधार पडेपर्यंत भांडले.

सकाळी मी आमचं शटर उघडलं तर कुंड्या परत हद्दीवर. पहाटेच माणसं लावून ठेवल्या होत्या आणि या वेळी खाली सिमेंट भरून पक्क्या केल्या होत्या. सिमेंट अजून ओलं होतं.

मी सराफांच्या दुकानात घुसले. ते काच पुसत होते. "काल कार्यक्रम होता, ताई," ते म्हणाले, जणू मी एवढंही न कळणारी बाई आहे.

मी परत आले आणि मोठा हातोडा काढला. खरंच काढला. बाबांनी पेपरातून मान वर केली.

"ठेव तो."

"का ठेवू? का म्हणून ठेवू? तुम्ही सगळं सोसायचं ठरवलंय, मी नाही ठरवलं."

त्यांनी पेपराचं पान उलटलं. मी हातोडा ठेवला, पण दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. जेवण वाढलं तेही ताट आपटून.

संध्याकाळी ते नेहमीच्या वेळी उठले. वॉकर घेऊन बाहेर गेले, कापडवाल्याच्या कुंडीपर्यंत. ती जागेवरून हलणार नाही हे बघितलं. मग सावकाश मागं वळले आणि आमच्या दारापुढं मी त्यांच्यासाठी उतार करून घेतला होता, त्यावरून रस्त्यावर उतरले. मी धावले.

"कडेनं चला, बाबा."

"कडेला त्यांच्या गाड्या लावल्यात."

ते कडेनं गेलेच नाहीत. रस्त्याच्या ऐन मध्यावर जाऊन त्यांनी तोंड चष्मेवाल्याच्या दिशेला केलं आणि चालायला लागले. डावा पाय, वॉकर, उजवा पाय ओढत. मागून आलेली मोटारसायकल ब्रेक दाबून थांबली. तिच्यामागं टेम्पो, त्याच्यामागं एका गिऱ्हाइकाची मोठी गाडी. हॉर्न सुरू झाले. कापडवाला दारात आला, बूटवाला आला, सराफ काचेमागून बाहेर आले.

"मिस्त्री, अहो वेड लागलंय का? बाजूला व्हा," सराफ ओरडले.

बाबांनी मान वळवली नाही. टेम्पोवाला खिडकीतून डोकं काढून मला शिव्या देऊ लागला. मी बाबांच्या पाठीशी उभी राहिले, तोंड गाड्यांकडे केलं आणि दोन्ही हात आडवे पसरले. बाबा एक पाऊल पुढं गेले की मी एक पाऊल मागं सरकत होते, आणि सगळा रस्ता आमच्यामागून बाबांच्या चालीनं येत होता.