मजुरीचा रकाना

दुनियेची दारं-खिडक्या बसवणाऱ्या सुताराच्या स्वतःच्या घराला अकरा वर्षं धड तोंड नव्हतं. दर्शनी भिंत उघड्या विटांची, अर्धी दाढी करून उठलेल्या माणसासारखी. बायकोने तगादा लावला की त्याचं ठरलेलं उत्तर, "लाकडी फळ्या लावणार. माझ्या हातच्या. जरा सवड मिळू दे." सवड काही मिळाली नाही. बायकोनेही मग लाकडाचा असा हट्ट धरला, की कुणी प्लास्टरचं नाव काढलं तरी तिच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

त्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सुताराने आपण होऊन कागद पुढे केला, तेव्हा तिला आधी आनंदच झाला. कागदावर दोन बाजू होत्या. एकीकडे प्लास्टर, दुसरीकडे फळ्या, दोन्हींचा वीस वर्षांचा खर्च.

"प्लास्टर एकोणीस हजारांनी स्वस्त पडतं," तो म्हणाला. नजर कागदावरच.

"भावोजींनी कान भरलेले दिसतात." धाकटा दीर गवंडी होता, प्लास्टरचीच कामं घ्यायचा. "अकरा वर्षं लाकडाची स्वप्नं दाखवलीत, आणि आता हे?"

"त्याला काही माहीत नाही. तू आकडे बघ ना."

तिने चष्मा चढवला. हिशेबात ती पक्की होती. नवऱ्याची सगळी बिलं तीच करायची. घरच्या कामापुरता सुताराचा एक खाक्या होता. सामानाचे पैसे मांडायचे आणि मजुरीच्या रकान्यात 'स्वतः' लिहायचं. पलंग, कपाट, गॅलरीचा कठडा, सगळ्यांपुढे 'स्वतः'. इथेही फळ्या बसवण्यापुढे ते होतंच. पण खाली, दर तीन वर्षांनी फळ्यांना तेल द्यायचं, त्यापुढे रंगाऱ्याची मजुरी धरलेली. सहा वेळा तेल, सहा वेळा मजुरी.

"हा रंगारी कुठून आला? कठड्याला तेल देताना मला ब्रशसुद्धा धरू देत नाही तुम्ही. ही मजुरी काढा, फळ्याच स्वस्त पडतात."

"म्हातारपणी शिडीवर कोण चढणार?"

"म्हातारपणाचं समजू शकते. पण तुम्ही पहिल्या खेपेपासूनच मजुरी धरलीय! तीन वर्षांनी पंचावन्नचे व्हाल, पंच्याऐंशीचे नाही." ती हसत म्हणाली, आणि तिचं हसू मध्येच विरलं.

गेल्या महिन्यात दोन मंगळवार तो वखारीत जातो म्हणून गेला होता आणि अंगावर कणभर भुसा न लागता परत आला होता. जेवण निम्म्यावर आलं होतं. पट्टा दोन भोकं आत गेला होता. हे सगळं तिने पाहिलं होतं आणि कामाचा ताण म्हणून सोडून दिलं होतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

"डॉक्टरकडे गेला होतात."

त्याने मान डोलावली.

"तीन वर्षं नाहीत?"

"नाहीत." तो कागदाची कड दुमडत राहिला. "प्लास्टर केलं की तुला मागे काही बघायला नको. आठ-दहा वर्षांनी रंग, बस्स. धाकटा करून देईल."

ती रडली नाही, भडकली. "मला सांगायचं सोडून आकडे मांडत बसलात? बायकोला असं सांगतात?"

"तोंडाने जमेना गं."

तिने कागद त्याच्या हातातून ओढून घेतला. मग ती म्हणाली, "फळ्याच लावा. तेल मी देईन. मला शिडीवर चढायला शिकवा."

"अगं, ऐक..."

"शिकवा म्हणते ना!"

"फळ्या आणल्या की पाच महिने वाळवाव्या लागतात," तो हळू म्हणाला. "ओल्या लावल्या तर वाकतात."

तिची नजर त्याच्या पट्ट्यावर गेली; पाच महिनेही त्याच्याकडे नव्हते.

"आणि प्लास्टरला किती लागतात?"

"पंधरा दिवस."

तिने दिराला फोन लावला. भिंत करून घ्यायची आहे, प्लास्टरच करायचं, असं सांगितलं. पलीकडून दीर खदखदून हसला. "काय वहिनी, हरलात ना शेवटी?"

"हो, हरले," ती म्हणाली. "उद्याच या."