गार होऊ दे

घरात मला सगळे ‘चौकशीची खिडकी’ म्हणतात. म्हणोत बापडे. बाबा आणि काका मागच्या खोलीत मुठीएवढं इंजिन बनवणार आणि मी त्यात नाक खुपसायचं नाही, हे माझ्याच्याने होत नाही.

दोघांची कामं वाटलेली होती. पिस्टनची रिंग बाबांची, झडपा हलवणारे गिअर काकाचे. बाबा लेथवर बिडाची अंगठीएवढी रिंग कातायचे आणि एका जागी चिरायचे. चिरलेली रिंग स्प्रिंगसारखी सिलिंडरच्या भिंतीला टेकून राहते. मग मागे दिवा धरून, एक डोळा मिटून बघायचं. कुठून उजेड दिसला की रिंग बाद. या वेळी तर चिरेतूनसुद्धा उजेड येईना.

“केस जाणार नाही,” बाबा मिशीत हसले.

इंजिन सुरू व्हायचं, खोलीभर फटफट व्हायची आणि जरा तापलं की कचकन अडायचं. गार झालं की पुन्हा सुतासारखं सरळ!

“गिअर अडकतायत,” बाबांचा निकाल ठरलेला. “छोट्या, दाते नीट काप.”

काका मान डोलवून नवे गिअर कापायला बसायचा. बाद झालेले गिअर एका जुन्या डब्यात पडायचे. मी ते तळहातावर एकमेकांत फिरवून बघायची. नाव ठेवायला जागा नव्हती. मग अडतं काय? मला काही कळेना.

एके दिवशी चहा पिताना काका म्हणाला, “दादा, हात पूर्वीसारखा राहिला नाही. उद्यापासून मी येत नाही.”

काकू गेल्यापासून या खोलीमुळेच तो माणसांत होता. बाबांचा चेहरा उतरला, पण तोंडातून निघालं काय, तर “बरं.” दोघेही एकाच माळेचे मणी.

“जायच्या आधी एकदा चालवा तरी,” मी म्हटलं.

इंजिन चाललं, तापलं, अडलं. मी पाना उचलला.

“थांब, गार होऊ दे,” काका म्हणाला.

हे तो दर वेळी म्हणायचा, आणि आज पहिल्यांदाच ते मला खटकलं. अडतं गरम असताना, मग उघडून बघायचं गार झाल्यावर? चोर घरात असेपर्यंत दार उघडायचं नाही आणि तो गेला की झडती घ्यायची!

“काका, आत्ताच का नाही बघायचं?”

“हात भाजेल तुझा.”

“भाजू दे.” हाताला फडकं गुंडाळून मी दोन्ही गिअर काढून टेबलावर ठेवले आणि फ्लायव्हीलचं जड चाक फिरवून बघितलं. गिअर नसतानाही ते जागचं हलेना.

बाबा उठले. त्यांनी इंजिन खोललं. रिंगेच्या चिरेची दोन्ही टोकं एकमेकांवर दाबली जाऊन आरशासारखी चकचकीत झाली होती. बीड तापलं की वाढतं, आणि बाबांनी त्याला वाढायला जागाच ठेवली नव्हती.

बाबांनी रिंगेकडे बघितलं, मग त्या डब्याकडे, मग काकाकडे. “तुला ठाऊक होतं?”

काका पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता. “रिंग तुझी होती, दादा.”

“गाढवा,” बाबांचा आवाज चिरकला, “म्हणून चांगले गिअर टाकत बसलास? आणि वर निघालास?”

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. बाबांनी रिंग आणि कानस काकापुढे सरकवली. “किती घासायचं ते तू सांग.”

दादाला काही सांगायची काकाला सवय नव्हती. त्याने हलक्या हाताने एक टोक घासलं, रिंग सिलिंडरमध्ये बसवून दिव्यासमोर धरली. चिरेतून उजेडाची बारीक रेघ दिसली.

“आता बास,” तो म्हणाला.

गिअर पुन्हा बसले, इंजिन सुरू झालं. तापलं, रोज अडायचं तिथवर आलं आणि पुढे गेलं. काकाचा हात सवयीने बटणाकडे वळला. “थांबवतो, गार होऊ दे जरा.”

बाबांनी त्याचं मनगट धरलं. “तापू दे रे.”