पढवलेली उत्तरं

तपासणीच्या सकाळी सोलापूरच्या त्या टॉवेल कारखान्यातल्या बायकांनी तोंडं उघडली, आणि प्रत्येकीच्या तोंडून मंदाकिनी हिप्परगीचाच आवाज निघाला.

मंदाकिनी तिथली कल्याण अधिकारी. कामगारांची गाऱ्हाणी मालकाच्या कानावर घालणं हे तिचं काम. टॉवेल ज्या देशात जायचे, त्याच्याशी नवा करार झाला होता: कामगारांना युनियन काढू द्यायची, सक्तीनं जादा काम घ्यायचं नाही, तरच मालाला जकात माफ. बायकांना हे तिनंच सांगितलं होतं. "तपासणीला तिकडचे पाहुणे येतील, ते विचारतील तेव्हा खरं बोला. करार तुमच्या पाठीशी आहे." तेवढ्या शब्दावर अनसूया मेरगूनं युनियनसाठी सगळ्याजणी गोळा केल्या. मग मालकानं मंदाकिनीला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला, आणि ती परतली ती वेगळीच उत्तरं घेऊन. कँटीनमध्ये बसवून तिनं ती बायकांकडून घोकून घेतली.

आता पाहुणे शिलाई खात्यात उभे होते. दुभाष्यानं अनसूयाला विचारलं, "युनियन हवी का?"

"गरजच वाटत नाही. मालक घरच्यासारखे आहेत," अनसूया मंदाकिनीच्या आवाजात म्हणाली आणि दचकून तिनं तोंडावर हात ठेवला.

पाहुणे पुढचीकडे गेले. मग तिच्या पुढचीकडे. तोच आवाज, वाक्य संपताना तसाच घोगरा होणारा.

मंदाकिनीचा घसा फुगू लागला. बायकांचे आवाज त्यांना सोडून तिच्यात येऊन बसले होते. एक खोकत होता, एक तेलुगूत कुणाला तरी शिव्या घालत होता. अनसूयाचा आवाज अगदी जिभेच्या मुळाशी होता. "मॅडम, तोंड उघडा की. संडासाला कुलूप घालतात, ते मी सांगते."

मंदाकिनीनं दात आवळले.

शेवटी दुभाष्या तिच्याकडे वळला. "बायका म्हणाल्या ते बरोबर ना, मॅडम?"

मान हलवायला आवाज लागत नाही. आडवी हलवली असती तरी भागलं असतं. तिनं होकारार्थी हलवली. कानाच्या पाळ्या शरमेनं पेटल्या. पाहुणे हसून निघून गेले.

कामाची पाळी सुटली. फाटकाबाहेर बायकांची पोरं वाट पाहत होती. अनसूयानं लेकीला हाक मारली, "सिरी!" आईच्या तोंडून परका आवाज ऐकून पोरगी मागं सरकली. दुसरीनं हाक मारली, तर तिचा मुलगा रडायलाच लागला.

मंदाकिनी ओठ मिटून बाजूनं सटकत होती. अनसूया तिच्या आडवी आली.

"माझा आवाज द्या, मॅडम."

मंदाकिनीला माफी मागायची होती. तिनं तोंड उघडलं.

"सिरी, ये गं बंगारु, माझं सोनं," अनसूयाचा आवाज बाहेर पडला. पोरगी धावत आली आणि तिनं मंदाकिनीचा पदर धरला. मागोमाग बाकीचे आवाज आपापल्या पोरांची नावं घेत सुटले, आणि काही केल्या तिला तोंड मिटेना. मागं बायका तिच्याच आवाजात टाहो फोडत होत्या. पोरं तिच्या हातांना, साडीला, पर्सच्या पट्ट्याला लोंबकळली आणि "घरी चल, आई" म्हणत तिला ओढू लागली, प्रत्येक जण आपल्या गल्लीकडे.