डाव्या कानाचं कार्ड

मी एक जुनी लाकडी पेटी आहे. दिसायला काही खास नाही. लांबी हातभर, रुंदी वीतभर, आणि झाकण असं की उघडताना कुरकुरतं आणि मिटताना हट्ट करतं. पण मित्रांनो, माझ्या पोटात दोनशेच्या वर माणसं राहतात. त्यातलं एकही कधी जन्माला आलेलं नाही. तरीही त्यातल्या एकीच्या कानावरून एका खऱ्याखुऱ्या घरात अबोला धरला गेला. चूक कोणाची, हे मला सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं, पण पेटीला कोण विचारतो?

मला माझ्या मालकिणीच्या, म्हणजे ताईच्या, मोठ्या भावाने बनवलं. तो सुतार. कोणाच्या तरी कपाटाचं दार करून उरलेल्या फळ्या त्याने जोडल्या, म्हणून माझी एक बाजू गुळगुळीत आहे आणि बाकीच्या तिन्हींवर रंधा नुसता फिरवल्यासारखा केलाय. ताई तेव्हा नुकतीच गोष्टी लिहायला लागली होती. तिची माणसं सुरुवातीला उंच असायची आणि शेवटी बुटकी व्हायची. एका गोष्टीत तर आठव्या पानावर वारलेला सासरा बाराव्या पानावर जेवायला बसला होता. दादा ते वाचून पोट धरधरून हसला. पुढच्या आठवड्यात त्याने मला तिच्या टेबलावर आणून ठेवलं आणि सांगितलं, की तुझी माणसं आता यात कोंडून ठेव, म्हणजे मेलेली परत येणार नाहीत.

ताईने ते मनावर घेतलं. प्रत्येक माणसाचं एक कार्ड झालं. उंची किती, कोणत्या हाताने काम करतो, चपला कुठे झिजतात, राग आला की बोलतो की गप्प बसतो. आणि कार्डाच्या तळाशी, लाल पेन्सिलीने, एक ओळ असायची: हे कधीच करणार नाही. टपाल वाटणाऱ्याच्या कार्डावर लिहिलं होतं, 'दुसऱ्याचं पत्र उजेडात धरून बघणार नाही.' एका मुख्याध्यापिकेच्या कार्डावर, 'कोणाची माफी मागणार नाही, स्वतःच्या आईचीसुद्धा.' ही लाल ओळ सापडेपर्यंत ताई गोष्टीला हात लावायची नाही. कधी ती दोन दिवसांत सापडायची, कधी दोन महिने नाकी नऊ आणायची.

मग एका साप्ताहिकाने तिच्याकडे मोठी कथा मागितली, दर आठवड्याला एक भाग. ताईने ठरवलं, आपली नायिका कवळ्या बनवणारी बाई असेल. दातवाली मावशी. उत्साहाच्या भरात तिने कार्ड लिहून टाकलं: प्रेमळ, कष्टाळू, सदा हसतमुख. दादाने ते वाचलं आणि विचारलं, "ही बाई आहे की शुभेच्छापत्र?" ताई दिवसभर फुगून बसली. संध्याकाळी तिने ते कार्ड फाडलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला पिशवीत घालून ती कवळ्यांच्या कारखान्यात गेली.

कारखाना म्हणजे दातांच्या दवाखान्याच्या वरची एक अरुंद खोली. सगळीकडे प्लॅस्टरची पांढरी धूळ. फळीवर ओळीने जबडे मांडलेले, वरचे वेगळे, खालचे वेगळे, प्रत्येकाला चिठ्ठी. तिथे एक काका एकटे काम करायचे. ताईने त्यांना आपली पहिली दोन पानं वाचून दाखवली. त्यात मावशी दुपारी माप घेते आणि संध्याकाळी कवळी हातात देते. काका इतके हसले की त्यांना स्टूल धरावं लागलं. मग त्यांनी तिला सगळं दाखवलं. आधी साचा, मग मेणात बसवलेले दात, मग त्या माणसाच्या तोंडात घालून बघायचं, मग परत खरवडायचं. ताईला कळलं की कवळी बनवणारा माणूस समोरच्याचे डोळे नंतर बघतो, आधी त्याचे दात मोजतो. ती तिथे तीन आठवडे जाऊन बसली.

काकांच्या डाव्या हाताला घासायचं यंत्र होतं आणि ताईचं स्टूल त्याच बाजूला होतं. तिचे निम्मे प्रश्न हवेत विरायचे. तिला वाटलं, काका लहरी आहेत. एकदा तिने जरा चिडूनच त्यांच्या समोर येऊन विचारलं, तेव्हा त्यांनी यंत्र बंद केलं.

"डाव्या कानाने मला काही ऐकू येत नाही, ताई. तीस वर्षं हे यंत्र त्याच बाजूला आहे. डॉक्टर म्हणाले, गेला तो गेला."

"काकूंना माहीत आहे?"

"सांगितलं की. तिला वाटतं, मला सोयीचं तेवढंच ऐकू येतं. हाक मारते, मी वळत नाही, मग दिवसभर तोंड फिरवून बसते." त्यांनी बाहीवरची धूळ झटकली. "तुमच्या मावशीला हवा तर घ्या हा कान. कागदावर तरी कोणी विश्वास ठेवेल."

त्या दिवशी मावशीला तिची लाल ओळ मिळाली: ऐकू आलेलं असताना न ऐकल्याचं सोंग करणार नाही.

मित्रांनो, मावशी लोकांनी डोक्यावर घेतली. ताईने काकांच्या मिशा काढल्या होत्या, पण कान तसाच ठेवला होता. एका भागात मावशीची मुलगी सासरी निघताना दारातून हाक मारते, आई वळत नाही, आणि मुलगी रडत निघून जाते. तो भाग आला आणि चार दिवसांनी काका धापा टाकत आमचा जिना चढून आले. काकूने तो भाग वाचला होता. वाचून झाल्यावर तिने अंक बाजूला ठेवला आणि विचारलं, "कोणता कान म्हणालात?" तेव्हापासून ती जेवताना उजवीकडे बसायला लागली. काका हे सांगताना लहान मुलासारखे खूश होते, आणि मला माझ्या चारही फळ्यांचा अभिमान वाटला.

पण कौतुकाने माणसाला विसर पडतो. वाचकांची पत्रं गठ्ठ्यांनी यायला लागली. ती ठेवायला जागा कुठे? माझ्यावर. आधी एक गठ्ठा, मग चार, मग एक कुंडी. कोणी विचारलं की ताई म्हणायची, मावशी आता माझ्या अंगात मुरली आहे, कार्ड कशाला बघू? चौथ्या वर्षी माझं झाकण कुरकुरायचंही बंद झालं, कारण ते कोणी उघडतच नव्हतं. मला राग आला नाही, वाईट मात्र फार वाटायचं.

आणि मग तो भाग आला. मावशीची सून तिच्या डाव्या बाजूला येऊन पुटपुटते, की या म्हातारीला एकदा दुसरीकडे हलवलं पाहिजे. मावशीला शब्द न् शब्द ऐकू येतो. ती काही न ऐकल्यासारखं दाखवते आणि तीन आठवडे सुनेची मजा बघते. ताईने तो भाग एका बैठकीत लिहिला. स्वतःवर खूश होऊन तिने तो दादाला मोठ्याने वाचून दाखवला. दादा म्हणाला, झकास. मी कुंडीखाली होते.

संपादक खूश झाले, वाचकही. एका घरात मात्र आक्रीत घडलं. काकूने अंक वाचला, उठली, आपलं ताट उचललं आणि जाऊन डावीकडे बसली. त्यानंतर ती काकांशी बोलेना. नवव्या दिवशी काका आमच्याकडे आले. या खेपेला जिना हळू चढले.

"ती म्हणते, मावशीला येतं ना ऐकू? मग तुम्हीही इतकी वर्षं सोंगच केलंत. चार वर्षं मला उजवीकडे बसवून मनात हसत होतात." ते ताईकडे बघत नव्हते. "लग्नाला एकतीस वर्षं झाली. इतकी गप्प ती कधीच नव्हती."

काका गेल्यावर ताईने माझ्यावरची कुंडी काढली, गठ्ठे काढले. हातांना धूळ लागली. कार्ड शोधायला तिला वेळ लागला नाही. तिने लाल ओळ वाचली आणि खुर्चीत बसून राहिली. एकाच भागात तिने ते कार्ड दोनदा मोडलं होतं, कानाने आणि सोंगाने.

तिने संपादकांना बोलावून घेतलं. संपादक मनाने चांगले, पण त्यांना कशाचाही राईचा पर्वत झालेला आवडायचा नाही. त्यांच्या मते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. आणि फारच वाटत असेल तर मावशीच्या कानाचं मध्यंतरी ऑपरेशन झालं असं दोन ओळींत लिहून टाकावं. ताई म्हणाली, तो कान ऑपरेशनने परत येत नाही, हे मी स्वतः विचारून आले आहे. मी तसं लिहिलं तर काकू उद्या काकांना विचारेल, मग तुम्ही का नाही करून घेतलंत? भाग नव्याने लिहायचा आणि चूक छापून कबूल करायची, एवढा एकच मार्ग तिला दिसत होता.

"जी बाई जगातच नाही, तिच्या कानाबद्दल आपण माफी मागायची?" संपादकांनी विचारलं.

"जगात नाही म्हणूनच. तिला स्वतःला येऊन सांगता येत नाही."

पुढच्या अंकात चौकट आली: मावशीला डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि ती सोंग करत नाही. सुनेच्या भागात लिहिलं ते लेखिकेने तिच्यावर आणलेलं बालंट होतं. काही वाचक हसले. एकाने पत्र लिहिलं, की ताईंना आता विश्रांतीची गरज आहे.

काकू मात्र हसली नाही आणि तिला ते पटलंही नाही. एके सकाळी ती स्वतःच आली. काका तिच्या मागोमाग आले होते, पण दाराबाहेर जिन्यावरच थांबले. काकू बसली नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, की यांनी येऊन तुमच्यापुढे तोंड बारीक केलं असेल आणि तुम्ही छापलंत. मला छापलेलं नको. ताईने काही समजावलं नाही. तिने माझं झाकण उघडलं आणि कार्ड काकूच्या हातात दिलं.

काकूने तारीख बघितली. मावशीची गोष्ट सुरू होण्याच्या सात महिने आधीची. मग तिने कार्ड उलटलं. मित्रांनो, मागच्या बाजूला काय आहे हे मी तुम्हाला अजून सांगितलेलं नाही, कारण ताईला त्याची लाज वाटायची. तिथे लिहिलं होतं: 'डाव्या बाजूने बोलून बघितलं. अकरा वेळा. एकदाही उत्तर नाही. शेवटी म्हटलं, काका, खालून निरोप आलाय, काकू जिन्यावरून पडल्या. ते मेण खरवडत राहिले. असं परत कोणाशी करणार नाही.'

काकूने ते बोट ठेवून वाचलं. मग परत वाचलं. तिचा चेहरा आधी रागाने लाल झाला, आणि मला वाटलं आता ताईची काही धडगत नाही. पण राग ओसरला आणि तिने दाराबाहेर जिन्याकडे बघितलं.

"मी पडले म्हटल्यावर हा माणूस बसून राहणार नाही," ती म्हणाली. "हातातलं टाकून पळत सुटेल. हे मला कोणी सांगायला नको."

ताई म्हणाली, "मलाही तेच वाटलं, काकू."

काकूने कार्ड माझ्यात परत ठेवलं, स्वतःच्या हाताने, आणि झाकण दाबून मिटवलं. दार उघडंच होतं. काका जिन्याच्या खिडकीतून रस्ता बघत उभे होते, त्यांचा डावा खांदा आमच्याकडे होता. काकूने त्यांना हाक मारली नाही. ती तीन पायऱ्या उतरली, वळसा घालून त्यांच्या उजव्या बाजूला गेली, आणि मग बोलली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. काकांना आलं, कारण त्यांनी खिशातला रुमाल काढून डोळ्यांना लावला.

आता माझ्यावर कुंडी नसते. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी गोष्टी लिहीत असेल, तर माझं एवढं ऐका. ज्याच्याविषयी लिहायचं त्याच्याजवळ जाऊन बसा, त्याचे हात कुठे दुखतात ते विचारा, आणि विचारलेलं विसरू नका. तुमची माणसं कागदाची असतात, पण ती कोणाच्या तरी घरात जेवायला बसतात. तिथे त्यांच्या तोंडी खोटं घालू नका.