दिल्लीला गेलेली पेटी

नृसिंह मास्तरांनी वर्तमानपत्राचं पहिलं पान झटकन उलटलं आणि आतला गुळाचा भाव वाचायला सुरुवात केली. चावडीच्या कट्ट्यावर बसलेली माणसं चुळबुळली. उचगावात रोज दुपारी एकच वर्तमानपत्र यायचं आणि मास्तर ते पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायचे. आधी दिल्ली, मग कोल्हापूर, शेवटी बाजारभाव. हा क्रम गेल्या बारा वर्षांत कधी मोडला नव्हता.

"मास्तर, दिल्लीचं काय?" खांबाला टेकून बसलेल्या तानाबाईनं विचारलं.

"चर्चा चालू आहे," मास्तर म्हणाले आणि पुढच्याच आकड्यावर अडखळले.

ही शुद्ध थाप होती. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापलं होतं की कोरियात कैद्यांची राखण करायला आपली फौज धाडण्यास लोकसभेनं मंजुरी दिली. लढायला नव्हे, असंही खाली होतं. तिथली लढाई थांबली होती, हजारो कैदी अडकून पडले होते, त्यांना सुखरूप घरी लावून द्यायचं पुण्याचं काम होतं. मास्तरांना ते पटतही होतं. पण त्या कामासाठी तयार ठेवलेल्या पलटणीत तानाबाईचा एकुलता एक जोतीराम होता, आणि ती बातमी मोठ्यानं वाचायला मास्तरांची जीभ रेटत नव्हती.

त्याला कारण होतं. नऊ वर्षांपूर्वी, महायुद्धात, इटलीतून आलेली तार त्यांनी याच कट्ट्यावर वाचली होती, तानाबाईचा नवरा गेल्याची. मोठ्यानं, पहिल्या ओळीपासून, कारण आधी नुसती नजर टाकावी हे त्यांना सुचलंच नाही. तिनं फोडलेला हंबरडा त्यांना अजून ऐकू यायचा.

दुसरं कारण त्याहून अवघड होतं. दीड वर्षापूर्वी मतदानाच्या आदल्या दिवशी तानाबाई कोरा कागद घेऊन आली होती. "पेटी दिल्लीला जाती न्हवं? मग माझं बी चार शबुद लिवा की." तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे, आणि निवडून आलेला माणूस आपली पेटी तशीच बंद दिल्लीला नेतो, अशी तिची ठाम समजूत. मास्तरांनी हसत लिहून दिलं, 'नवरा लढाईत गेला. पोराला परमुलखात धाडू नये.' मताच्या कागदाबरोबर तिनं ती चिठ्ठीही पेटीत सारली. मोजणीच्या वेळी असले कागद केरात जातात, हे सांगायचं मास्तरांनी उद्यावर टाकलं, आणि तो उद्या काही उजाडला नाही.

वाचन आटोपलं, माणसं पांगली. तानाबाई मात्र उठली नाही. शालूबाई आणि आणखी दोघी तिच्याजवळ सरकल्या. तिघींचीही पोरं त्याच पलटणीत होती.

"ह्यास्नी बी एकेक लिवून द्या," तानाबाई म्हणाली. "माझी चिठ्ठी पोचली म्हणूनच तिथं घोळ चाललाय. मी सांगितलंय ह्यास्नी, रडू नगा."

"माझा धाकला हाय, मास्तर," शालूबाई म्हणाली. "चार दिस झालं, घास उतरंना. लिवा की तेवढं."

तिनं वाण्याच्या पुडीचा कागद हातानं सरळ करून पुढं धरला. मास्तरांनी खिशातून पेन काढलं. लिहायला काय जातं, चार ओळींनी चार बायका आज जेवतील, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. स्वभावानं ते भित्रेच होते आणि ते त्यांना ठाऊक होतं. पण आता एका तानाबाईच्या ठिकाणी चौघी झाल्या होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सभेनं होकार दिला," ते म्हणाले. "चर्चा संपली. आणि तानाबाई, तुमची चिठ्ठी दिल्लीला गेलीच नाही. पेट्या इथंच उघडतात, मतं मोजतात, बाकीचे कागद टाकून देतात. मला तेव्हाच माहीत होतं."

शालूबाईनं पुढं धरलेला कागद चुरगळला. दुसऱ्या दोघींनी पदर तोंडाला लावला. मास्तर हंबरड्याची वाट बघत अंग चोरून बसले.

तानाबाई रडली नाही. कपाळाला आठ्या घालून ती काहीतरी जुळवत होती.

"आन् माझा मताचा कागद? त्यो बी टाकला?"

"नाही. तो मोजला."

"म्हंजी मी मत दिल्याला माणूस तिथं दिल्लीत बसलाय, त्यो माझ्या कागदावर बी बसलाय."

"हो."

"त्यानं व्हय म्हटलं का न्हाय?"

मास्तरांनी पहिलं पान उघडलं आणि बातमीवरून दोनदा बोट फिरवलं.

"नावं दिलेली नाहीत. सगळ्यांनी मिळून होय म्हटलं, एवढंच आहे."

तानाबाईनं मान हलवली. गुऱ्हाळाकडं निघालेली एक गाडी चावडीपुढून धूळ उडवत गेली.

"आमच्या ह्यास्नी लढाईवर नेलं, तवा मला कुणी इच्यारलं न्हवतं," ती म्हणाली. "वरीसभर गोऱ्या सायबाला शिव्या घातल्या मी. सकाळी उठून, पैल्यांदा त्याला. त्याच्यावरच तगले."

नवऱ्याची तार ऐकताना नव्हती एवढी भीती आता तिच्या डोळ्यांत होती.

"आता शिव्या कुणाला घालू, मास्तर?"